पूजेत ठेवलेला गजर

९ ऑक्टोबर, बुधवार

खट्-खट्, खट्-खट् — वडिलांचे नालवाले बूट! पहाटे अर्धवट जाग असताना तो आवाज कानात आला, थेट सत्तर वर्षांपूर्वीच्या रस्त्यावरून. दसऱ्याच्या पहाटे इथली, म्हैसूरची, आपली सगळी मराठा घरं चालत बन्नीमंटपला जायची, बन्नीची म्हणजे शमीची पानं आणायला. वडील रिसाल्यातले, लांब टांगा टाकत पुढं. मी तिसरीतला, मागून पळत. पुढं वडील गेले, एकेक करत सगळेच गेले. चालणंही बंद पडलं.

आणि आता शनिवारी पुन्हा! समाजाचे अध्यक्ष मालोजीराव म्हणजे निवृत्त सुभेदार, वय ब्याऐंशी, आवाज अजून परेडचा. "पहाटे पाच म्हणजे पाच. देवळापुढं हजर. कुणासाठी थांबणार नाही!"

बन्नीच्या झाडाखाली माझी कविता. माझी! रेल्वेच्या कचेरीत छत्तीस वर्षं कानडी-इंग्रजी कागद खरडले. आपल्या माणसांपुढं उभं राहून मराठीतली चार कडवी म्हणावीत, असा योग आजवर आला नाही. या वयात पुन्हा येईल असंही नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पहिली ओळ झकास — 'पुन्हा चालुया त्या जुन्या पायवाटा'. शाळेतल्या चालीवर कशी डुलते! पुढं यमकाला 'लाटा'शिवाय काही सुचेना. म्हैसूरला समुद्र कुठला?

नात यशस्विनी बेंगळूरहून सुटीला आलीय. म्हणाली, "अज्जा, सुम्ने, उगाच टेन्शन कशाला? कुक्करहळ्ळी तळं घाल ना. तिथं छोट्या छोट्या लाटा असतात."

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती भागीरथीबाई — "बदकं पण घाला म्हणावं."

आमच्या घरात काव्याला हे असं वातावरण.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी

शस्त्रपूजा झाली. वडिलांची तलवार, शेजारी विळी, स्कूटरची किल्ली, नातीचा लॅपटॉप.

"अज्जा, तुझं आयुध कुठलं?"

चांगला प्रश्न. कवितेची वही ठेवली. फोन ठेवला, त्यात पहाटे चारचा गजर लावलेला. कानातलं यंत्रही ठेवलं — त्याच्याशिवाय मी कसला लढणार? यंत्रावर झेंडूची पाकळी शोभून दिसली. घरचा नेम कडक: दसऱ्याची उत्तरपूजा होईतो पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही.

कविता तोंडपाठ. कोट खुंटीला. आजी-नात खोलीत, मी हॉलमध्ये दिवाणावर.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

आठ वाजता जाग आली. आठ!

गजर वाजला. चारपासून दर दहा मिनिटांनी वाजत होता. कानातलं यंत्र त्याच्या शेजारीच होतं. त्यानं नक्की ऐकला असेल.

"अहो, मी पण ऐकला की!" भागीरथीबाई माझ्या कानाशी ओरडल्या. "वाटलं, तुम्ही गेलात नि फोन इथंच राहिला. पूजेतला फोन बंद कसा करू? तुमचाच नेम!"

"हॉलमध्ये येऊन दिवा तरी लावायचा!"

"माणूस घरात नाही, तिथं दिवा कशाला लावू?"

बोलण्यात चूक काढता आली नाही. हा जास्तच त्रास.

उत्तरपूजा केली, फोन उचलला, कुंकू पुसलं. एकाचाही फोन येऊन गेलेला नाही. मालोजीरावांनी सगळ्या घरांना पहाटे फोन करून उठवायचं अंगावर घेतलं होतं. मीच ऐटीत सांगितलेलं — "मला नको, मी आपला आपण उठतो." निदान नंतर तरी विचारावं, कवी कुठं मेला? नाही. रागावले असणार. आपण होऊन फोन करायचं मला धाडस नाही.

दुपारी टीव्हीवर जंबूसवारीची मिरवणूक लागली. हत्तीसुद्धा वेळेवर निघाले.

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळ

झोप नाही. माझ्या जागी कोण उभं राहिलं असेल? तिरुमलराव! दुसरं कोण? बँकेतले, खिशात कायम स्वतःची कविता. तीही मुक्तछंदातली! बन्नीच्या झाडाखाली मुक्तछंद — वडिलांना काय वाटलं असेल?

अन्नावरची वासना उडाली आहे. चारच इडल्या खाल्ल्या.

रविवार, संध्याकाळ

बेल वाजली. यशस्विनीनं दार उघडलं. मालोजीराव! सुभेदारांची मान खाली. अशी कधी पाहिली नव्हती.

"क्षमा करा, कविराज. काल तोंड दाखवायची लाज वाटली. माझा फोन पूजेत होता हो! नेम मोडता येईना. चाळीस घरं माझ्या भरवशावर झोपून राहिली. मी धरून एकसुद्धा माणूस घराबाहेर पडला नाही. आपले आपण उठणारे तुम्ही एकटेच... किती वेळ उभे होता हो, त्या झाडाखाली?"

मी तोंड उघडलं.

भागीरथीबाईंनी माझ्या आधी उघडलं — "उभे कुठले? आठपर्यंत दिवाणावर आडवे होते!"