आत्याचं हिरवं भांडं

ती. आत्यास,

दुरून आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? शिवणाचं मशीन अजून कुरकुरतं का? (मागच्या तीन पत्रांत हेच विचारलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणजे गुडघे बरे असून राग कायम आहे, असं मी धरून चालले आहे.)

सुट्टीत मी प्रयोगशाळेतून किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र परवानगी काढून घरी आणलं, ते खरं तर मिरवायलाच. घरातली पहिली पदवीधर काय शिकली, ते तुला दिसावं एवढीच इच्छा. खाट मोजून झाली, शेगडी झाली, बाबांचा चष्मा झाला. आणि तुझ्या बटणांच्या हिरव्या काचेच्या भांड्याजवळ यंत्र जे तडतडायला लागलं, ते थांबेचना. काचेला असा रंग यावा म्हणून पूर्वी तिच्यात युरेनियम घालत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. (त्याच्या पुढचं पानही वाचायला हवं होतं.) मी बटणं डब्यात ओतली, भांडं सांडशीत धरलं आणि हात लांब करून गल्लीभर मिरवत नेलं. वाटेत भेटेल त्याला बजावलं, की याच धातूच्या उष्णतेवर वीजघरं चालतात, हा पोरखेळ नव्हे. कंपाउंडरकाकांनी दार लावून घेतलं. तू शिवणावरून मान वर न करता म्हणालीस, "पदवीधर बाई, जाताना सांडशी तेवढी ठेवून जा." ते भांडं तुला तुझ्या पहिल्या गिऱ्हाइकाने दिलं होतं, हे, मी भांडं तपासायला इकडे घेऊन निघाले तेव्हा, आईने मला बस सुटताना सांगितलं.

इथे आमच्या मोठ्या बाईंनी (विभागप्रमुख, तोंडाने कमी, भुवयांनी जास्त बोलतात) माझे आकडे पाहिले आणि विचारलं, "यातून रिकामी खोली वजा केलीस का?"

नव्हती केली. आत्या, यंत्र रिकाम्या खोलीतही टिकटिकतं. जमिनीतून, भिंतींतून, आभाळातून थोडं येतच असतं. ते आधी मोजून वजा करायचं, हा आमच्या कामाचा पहिला धडा. वजा केल्यावर तुझ्या भांड्याचं उरलं ते थोडकं. बटणं ठेवायला आणि तीस वर्षं त्यात बोटं घालून ती शोधायला काही हरकत नाही, असं बाई म्हणाल्या. (त्यात खाऊ-पिऊ नये, इतकंच.) मग खोलीत अंधार करून त्यांनी जांभळा दिवा धरला, तेव्हा भांडं असं हिरवं उजळलं की सगळा विभाग गोळा झाला. मी मात्र तळाशी चिकटलेला तुझा दोऱ्याचा तुकडा बघत होते.

आता ते माझ्या खिडकीत आहे. कामावरून आले की मी वजाबाकी करते: पंखा, खालची वाहनं, वरच्या मजल्यावरचा रेडिओ. सगळं काढल्यावर उरतो तो तुझ्या मशीनचा न येणारा आवाज.

युरेनियम अर्धं व्हायला साडेचारशे कोटी वर्षं लागतात. तुझा राग त्याच्या जरा आधी अर्धा व्हावा.

सांडशी ठेवून आलेली,
तुझी भाची

ता. क. भांडं टपालाने पाठवता येत नाही, फुटेल. न्यायला तुलाच यावं लागेल. शेजारची खाट रिकामी आहे.

आणखी एक. इथल्या सुतारकाकांनी भांड्यासाठी आतून कापूस लावलेली पेटी करून दिली आहे. जिन्यावरून गडगडली तरी आतल्या काचेला ओरखडा येणार नाही म्हणतात. ती मी कपाटामागे लपवून ठेवली आहे.