रेंजचा खडक

गुरुवार, संध्याकाळ. लोणखेडा.

सभेत मीच मोबाइल उंचावून गरजलो होतो, "हे ॲप फुकट आहे आणि तुमचं नाव कुणालाही कळू देत नाही. बिनधास्त लिहा!" तोरणमाळजवळच्या एका पाड्यावरच्या जमनाबाईने विश्वास ठेवला. चोरून झाडं तोडणाऱ्या ठेकेदाराची निनावी तक्रार तिने मंगळवारी पाठवली, फोटोंसकट.

आज टपरीवर त्या ठेकेदाराचा मुकादम शेजारी येऊन बसला. हसत म्हणाला, "भाऊ, तुमनं ॲप भारी शे. पन त्या पाडामा रेंज एकच खडकवर येस. मंगळवारले तठे कोन उभं व्हतं, आख्ख्या पाडानी देखं."

तो खडक मी पाहिलाय. उघड्या माळावरचा, चारी बाजूंनी दिसणारा. एवढी पुस्तकं वाचली, नाव लपवायला शिकवलं, आणि खडकावर उभं राहिलेलं माणूस सगळ्यांना दिसतं, एवढं साधं मला सुचू नये?

तिला सावध करायला दुपारपासून फोन लावतोय. लागत नाही, तेच बरं वाटतं. कारण लागला, तर ती पुन्हा त्याच खडकावर उभी असणार. उद्या उजाडताच घाट चढून स्वतः जातो, असं ठरवलं. तरी आताही हे लिहिता लिहिता एकदा लावला.

रिंग वाजतेय.