तलावात शांतता राखा

३ नोव्हेंबर, सोमवार
डॉक्टर म्हणाले, प्रफुलभाऊ, बीपी वाढला, चिडणं कमी करा. मी म्हटलं, मी चिडतच नाही. ते हसले. चिडलो.
छंद लावायचं ठरवलं. मासेमारी. पोटासाठीची नाही, स्पोर्टवाली. फॉरेनचे लोक बोट घेऊन समुद्रात आत जातात. फॅमिली, मित्र सगळे सोबत. व्हिडिओत कोणीच कोणावर ओरडत नाही. चंद्रपूरला समुद्र नाही, यात माझा काय दोष? गोंडपिपरीकडे सासुरवाडी आहे. गावाला तलाव आहे, सासऱ्यांचा मोठा डोंगा आहे, लाकडी नावच ती. शेवटी पाणी ते पाणी.

६ नोव्हेंबर, गुरुवार
रॉड आला. रीलवाला. क्वार्टरच्या अंगणात फेकून पाहिला. गळ आदेशच्या वाळत्या टॉवेलात घुसला. आदेश म्हणजे शेजारी, शिवाय ऑफिसातला मित्र. टॉवेल जुनाच होता, तरी तोंड वाकडं. मी मात्र त्यालाही ट्रिपला बोलावलं. मन मोठं लागतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
घरी जाहीर केलं. वाटलं, नाही म्हणतील. तर बायको लगेच तयार! रुपाली आणि तयार! आचलसुद्धा!
ही पोरगी नर्सिंग पास होऊन घरी आहे. पोळ्यापासून माझ्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोलत नाही. कारण काहीच नाही. हैदराबादच्या दवाखान्यात नोकरी बघते म्हणाली, मी फक्त म्हटलं, पाय तोडीन. तेही काळजीपोटी. मग न जेवता बाहेर निघून गेलो, एवढंच.
आता रॉड पाहून विरघळली. संकल्प: त्या दिवशी आवाज चढवायचा नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
उजाडता निघायचं ठरलं होतं. ऊन चांगलंच चढलं. रुपालीचा चिवडा होऊन राह्यला, आदेशची आंघोळ होऊन राह्यली. मी नुसता हॉर्न वाजवला. संकल्प आवाजाचा आहे, हॉर्नचा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
लोकांनी दिवस नासवला.
सासरे बापूजी डोंगा वल्हवत होते. बरेच आत गेलो. मी गळ टाकला. लगेच आदेशनं चिवडा काढला. कुरकुर, कुरकुर. मासा काय बहिरा असतो? रुपाली बापूजींना खुणा करत होती. बापूजी खोकले. खोकू नका म्हटलं. पण बापूजी म्हणून म्हटलं, मान ठेवून.
आचल जवळ सरकली. म्हणाली, "बाबा, मले तुमाले एक सांगायचं हाय."
इतक्या दिवसांनी पोरगी आपणहून बोलली, आणि नेमका रॉड वाकला! दहा किलोचा तरी रोहू. मी म्हटलं, "चूप! एक शब्द नाई! मासा पळन!" उभा राहून ओढला. रुपाली बसा, बसा म्हणून किंचाळली. म्हणजे आवाज चढला तो तिचा.
रोहू नव्हता. कमळाचा वेल होता. डोंगा कलला, मी पाण्यात. चिवडाही पाण्यात. आदेश हसला.
पाणी छातीपर्यंत. रॉड मोडून फेकला आणि तसाच गाळ तुडवत काठाला चालत आलो. मागून सगळे हाका मारत होते. एकालाही ओ दिली नाही. माणसाला स्वाभिमान असावा.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आचल पुन्हा मुकी. काय सांगायचं होतं, विचारलं. म्हणे, राहू द्या. पुन्हा प्रेमानं विचारलं. तेव्हा शेजारचे बाहेर आले.

२३ नोव्हेंबर, रविवार
पोरीच्या खोलीत बॅगा भरलेल्या. हैदराबाद! नोकरी पक्की होऊन महिना झाला. उद्याची गाडी. रुपालीला माहीत, बापूजींना माहीत, टॉवेलवाल्या आदेशलाही माहीत! बाप तेवढा परका. भिंती हादरतील असा ओरडलो. मले काऊन नाई सांगतलं?
रुपाली शांतपणे कपड्याच्या घड्या करत होती. म्हणाली, "घरी काही सांगतलं का तुमी उठून चालले जाता. म्हणून तं तलावावर आलो सारे. वाटलं, डोंग्यातून कुठी जाता?"
म्हणजे मासेमारीसाठी कोणीच आलं नव्हतं.
काहीतरी जबरदस्त बोलणार होतो. पाहिलं तर चपला घालून दारात उभा होतो. काढल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार
परवानगी कोणी मागितलीच नाही, तर नाकारू कशी? बल्लारशाच्या स्टेशनवर सोडायला गेलो. वाटेत वाक्य तयार केलं. जा बेटा, तुझ्यावर भरोसा आहे, बाप चुकला असेल तर विसर. चांगलं वाक्य होतं.
गाडी आली. आदेशनं बॅगा चढवल्या. आचल दारात उभी राहिली, माझ्याकडे बघत. मी तोंड उघडलं. म्हणालो, "पाण्याची बाटली भरली काय?"
ती म्हणाली, "हो, बाबा."
गाडी सुटली. रुपालीनं हळूच विचारलं, "काऊन रडून राह्यले?"
मी गरजलो, "कोण रडून राह्यलं?"
प्लॅटफॉर्मवरचे लोक वळून पाहू लागले. गाडी पुढं निघून गेली होती. पोरीनं ऐकलं नसावं.