न हललेली चार घरं

ट्रुगानिना, मेलबर्न
१७ मे

ती. उल्हासमामांना हृषीकेशचा दुरूनच, पण वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची शुगर काय म्हणते? सावनी, निहारिका आणि मी, आम्ही तिघं ठीक आहोत. सकाळी दहा अंश असतं, त्यामुळे मी घरात मफलर, दोन मोजे आणि हीटर यांच्या आधाराने जगतो. (असा माणूस आर्क्टिक किनाऱ्याचा अभ्यासक म्हणून पगार घेतो, हे विद्यापीठाच्या अजून लक्षात आलेलं नाही.)

पत्र तसं सहजच लिहितोय. मी नेमकं करतो काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. तर अलास्काच्या उत्तर टोकाला समुद्राला चिकटून एक छोटं गाव आहे. तिथली जमीन म्हणजे गोठलेली माती. ती वितळते, लाटा ती खातात आणि किनारा मागे सरकतो. किती सरकला हे कळायला मी १९५१ साली विमानातून काढलेले काळेपांढरे फोटो आजच्या उपग्रहाच्या फोटोंवर बसवतो. त्यासाठी दोन्हींत दिसणाऱ्या, जागच्या न हलणाऱ्या खुणा लागतात. तुम्ही पस्तीस वर्षं भूमापन खात्यात काढलीत, तुम्हाला हद्दीच्या दगडाचं महत्त्व मी काय सांगणार! पण तिकडे ना दगड, ना झाड, ना देऊळ. नुसती तळी, तीही आकार बदलणारी. दोन महिने डोळे फोडल्यावर एका आर्वोला (इथे दुपारला असं म्हणतात, कुणी ऐकत असेल तर मीही म्हणतो) मला चार घरं सापडली. १९५१ सालीही एका रांगेत चार, शेवटचं जरा तिरकं. आजही एका रांगेत चार, शेवटचं जरा तिरकं. मी खुर्चीतून उठून नाचलो. त्या घरांवर फोटो बसवले आणि उत्तर आलं: सत्तर वर्षांत किनारा एक मीटरही हललेला नाही! सगळीकडचे किनारे ढासळतायत आणि माझा तेवढा शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून उभा. कुठल्याही शुद्धीवरच्या माणसाला शंका आली असती. मी स्लाइड्स बनवल्या.

त्या बघून नऊ वर्षांच्या निहारिकाने विचारलं, "But Baba, did you ask the people who live there?" मी तिला गृहपाठ करायला पाठवलं.

आता खरी गोष्ट अशी, की गावाला घरं आत हलवण्यासाठी सरकारकडे मदत मागायची होती आणि अर्जाला माझा अहवाल जोडायचा होता. म्हणून गावच्या मंडळींशी व्हिडिओ कॉल झाला. तुमच्या किनाऱ्याला काहीही झालेलं नाही, हे मी किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांना वीस मिनिटं समजावून सांगितलं. शेवटी कोपऱ्यातल्या मार्था नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, "ते तिरकं घर परत दाखव." मी अभिमानाने मोठं करून दाखवलं.

"हे माझ्या वडिलांचं. आम्ही ते तीनदा मागे ओढलंय. पहिल्यांदा मी बारा वर्षांची होते, कुत्र्यांच्या जोडीला सगळं गाव दोराला लागलं होतं. दार वाऱ्याला पाठ करून हवं म्हणून वडील दर वेळी ते तिरकंच बसवायचे."

"आणि बाकीची तीन?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"शेजाऱ्यांना टाकून कोण जातं?"

मग सगळी स्क्रीन हसली. ते हसू बंद करायला मी म्यूटचं बटण शोधत होतो, ते दाबल्यावर कळलं की मी स्वतःलाच म्यूट केलंय.

आजींनीच मग मला खरोखर न हललेली जागा दाखवली: गावामागची दफनाची टेकडी. त्या खुणेवर बसवल्यावर किनारा एकशे नव्वद मीटर मागे आलेला निघाला. अहवाल बदलला, अर्ज गेला. पण मामा, त्या दिवशी आजी झोपेमुळे किंवा सर्दीमुळे आल्या नसत्या, तर ते गाव माझ्या दाखल्यासकट कड्याच्या टोकावर बसून राहिलं असतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. एवढं एक वाक्य विनोदात बसवता येत नाहीये, म्हणून तसंच लिहितो.

आजींनी निरोप पाठवलाय: "ये, आणि पायांनी मोज." समुद्रात गेलेल्या जुन्या वस्त्या कुठे होत्या, हे आता फक्त त्यांनाच आठवतं. मी हो म्हटलंय. सावनीने माझ्यासाठी असा कोट आणलाय की तो घातल्यावर मी गराजच्या दारातून आडवा निघतो.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
हृषीकेश

ता. क. तिकडे बर्फ उतरून जमीन मोजता येते ती जुलैतच, आणि आजींना पुढच्या जुलैत चालता येईल की नाही कोण जाणे. माझं विमान पाच जुलैचं आहे. मयूराचं लग्न नऊला. मामा, तुमच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायला तिचा हा दादा नसेल. माझ्या जागी तिच्या चुलतभावाला, गंधारला उभं करा, त्याचा हात जड आहे. मला माफ करा.

ता. क. २. मयूराला हे मी गेल्या रविवारीच सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तू जाच. पण बाबांना तू सांगायचं. फोनवर नको, ओरडतील. पत्र लिही, आणि चांगलं लांबलचक लिही, म्हणजे मुद्द्यापर्यंत पोचेस्तोवर ते हसलेले असतील." हसला असाल तर कळवा. नसाल, तर मामींना कळवायला सांगा.