वैद्याची सोंगटी सिद्धेशला

मी, सगुण विष्णू च्यारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार धारगळ, तालुका पेडणे, गोवा, आज शुद्धीवर असताना, कोणीही भरीस न घालता, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझा उजवा डोळा अधू आहे, त्यामुळे ओळी वरखाली गेल्यास त्यावरून माझ्या डोक्याबद्दल शंका घेऊ नये. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

कलम १. दिनांक ८ जून २०२२ रोजी मी केलेले मृत्युपत्र या लिखाणाने रद्द करीत आहे. ते मी माझी मुलगी गौरवी वारल्यानंतर महिन्याच्या आत, रागाच्या भरात केले होते. गोव्याच्या कायद्याने मिळकतीचा अर्धा हिस्सा मुलाचा ठरलेला असतो, तो मला काढून घेता येत नाही, असे वकिलाने सांगितले तेव्हा मी त्याच्यावरही ओरडलो होतो. उरलेला अर्धा हिस्सा मी तेव्हा देवस्थानाला लिहून दिला आणि कारण म्हणून माझा मुलगा सिद्धेश याच्याविषयी एक वाक्य घातले. ते वाक्य खोटे आहे. ते काय होते आणि खोटे का, हे कलम ५ मध्ये लिहिले आहे. कागद रद्द केला तरी वाक्य लोकांच्या तोंडी राहते, म्हणून ते इथे लेखी खोडतो.

कलम २. धारगळ येथील राहते घर, मागची बाग आणि रस्त्याकडची कामाची शेड, यांतील माझा सगळा हिस्सा मी सिद्धेशला देतो. कोणतीही अट नाही. त्याने इथे येऊन राहावे असे नाही, विकू नये असेही नाही. माझी पत्नी शेवंती सन २००९ मध्ये वारली. तिचा जो वाटा कायद्याने मुलांकडे गेला, त्याला मी हात लावलेला नाही.

शेडविषयी एक गोष्ट नोंदवतो. महामार्ग रुंद करताना शेड पाडायची नोटीस आली होती. मी तीन वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, साहेबांशी भांडलो, एकदा तर मोजणीदाराच्या साखळीवर जाऊन बसलो. शेवटी आखणी दोन मीटर सरकली आणि शेड वाचली. त्या दिवसापासून माझी अशी समजूत झाली की माणूस हटला नाही तर समोरचे हटते. ही समजूत मला पुढे फार महाग पडली.

कलम ३. माझे रंधे, करवती, पटाश्या, वाकस, गुण्या आणि लोखंडी शिकंजे स्वप्नील मेस्त्री, राहणार बांदा, यांना द्यावेत. त्यांनी माझ्याबरोबर एकोणीस वर्षे काम केले आणि एकदाही बोथट हत्यार परत ठेवले नाही. माझा चुलतभाऊ अनंत याने माझी पाऊण इंची पटाशी नेऊन तिने खिळा उपटला आणि तोंड मोडून परत आणली. त्याला मी काही देत नाही. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार होऊ शकतो, म्हणून पहिली सही त्याची घेतली आहे.

कलम ४. शिवणीच्या लाकडाच्या पाच सोंगट्या, फासे आणि गौरवीच्या हस्ताक्षरातील लांब वही, यांबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण परक्या माणसाला हे पोरांचे खेळणे वाटेल.

गौरवी डिचोलीला एका शाळेत संगणक शिकवत असे. सन २०१६ मध्ये तिने एक खेळ आणला. त्यात पट नाही की पत्ते नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचे; केलेले साधले की फसले ते फासा ठरवतो. मूळ नियम इंग्रजीत होते, ते तिने मराठीत लिहून काढले. खेळाच्या आधी प्रत्येकाने आपला पेशा निवडायचा: लढवय्या, जादूगार, चोर किंवा वैद्य. गोष्ट गौरवी सांगे. रविवारी दुपारी आमच्या पुढच्या सोप्यावर बसून, पोदेराचे उंडे पाव आणि बटाट्याची भाजी खात हा खेळ चाले. तिच्याच शाळेतली सेजल जादूगार झाली. डिचोलीचाच गौरेश चोर झाला. सिद्धेश वास्कोहून बसने येई. तो वैद्य झाला, कारण वैद्य कोणालाच नको होता आणि तो म्हणाला की कोणीतरी तर घ्यायला हवा. मी लढवय्या घेतला. दुसरे काही घ्यावे असे माझ्या मनातही आले नाही.

सोंगट्या मी कोरल्या. पाचवी गौरवीची, हातात वही घेतलेली.

पहिल्याच दिवशी गौरवीने आमच्यापुढे एक बंद दरवाजा ठेवला. मी जन्मभर दरवाजे केले, आणि त्या दिवशी मी विचार न करता तो फोडला. आत एक म्हातारी होती, ती घाबरून मागच्या वाटेने पळाली आणि तिला जे सांगायचे होते ते आम्हाला कधीच कळले नाही. मी विचारले की दुसरे काय करायला हवे होते. गौरवी म्हणाली की चोराने कुलूप उघडून चोरपावलांनी ऐकले असते, वैद्याने दार ठोठावून आत कोण कण्हते आहे म्हणून विचारले असते. दरवाजा तोच, पण पुढे कोण उभा राहतो त्यावर गोष्ट कुठे जाणार ते ठरते. तिने मला पुढच्या वेळी पेशा बदलून बघा असे सुचवले. पुढेही दर वर्षी सुचवत राहिली. मी सहा वर्षे लढवय्याच राहिलो.

कलम ५. सन २०२१ च्या दिवाळीनंतर गौरवीच्या मांडीच्या हाडात कर्करोग निघाला. इथल्या डॉक्टरांनी जे करायचे ते सगळे केले. २०२२ च्या मे महिन्यात त्यांनी मला आणि सिद्धेशला बसवून सांगितले की आता घरी न्या, दुखू नये एवढे बघा, तिला हवे ते करा. आम्ही तिला घरी आणले. सोप्याला लागून असलेल्या खोलीत, खिडकीपाशी तिची खाट लावली. ती वही उशाला घेऊन थोडे थोडे लिहीत असे. पंधरा तारखेला रविवार होता आणि त्या दिवशी खेळायचे असे तिने सेजल आणि गौरेशला कळवून ठेवले होते.

शुक्रवारी एका गिऱ्हाइकाने मला सांगितले की घाटावर एका शहरात कोणी डॉक्टर नवीन इंजेक्शन देतो. मी तिथे फोन केला. ते म्हणाले, घेऊन या, बघू. मी शनिवारी सकाळची गाडी ठरवली. कोणाला विचारले नाही.

शनिवार, १४ मे. गाडी दारात आली तेव्हा गौरवी मला म्हणाली, "बाबा, माका खंय नेव नकात. माका घरीच रवाचा आसा." मी तिला म्हणालो की असे हातपाय गाळून चालत नाही. मग सिद्धेश पुढे आला. तो रजा घेऊन आठ दिवस तिच्या खाटेजवळच होता. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, ती काय सांगता ता आयका." मी त्याच्या थोबाडीत मारली. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि गाडीचा ड्रायव्हर समोर उभा होता.

सिद्धेशने हात वर केला नाही. तिला नको असताना आपण तिला गाडीत घालणार नाही, एवढे म्हणाला. मी आणि ड्रायव्हरने तिला उचलले. गाडीचे दार लागेपर्यंत त्याने तिचा हात धरला होता. दार मी लावले.

चोर्ला घाटात गौरवीने डोळे उघडले आणि विचारले, "खंय पावलो?" मी म्हणालो, "आता इलाच." अजून निम्मी वाटही झाली नव्हती. त्यानंतर ती बोलली नाही. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, बराच वेळ थांबला आणि मग न विचारता वळवली.

बाराव्याला जमलेल्या लोकांपुढे मी बोललो की भाऊ असून तो बहिणीबरोबर गाडीतसुद्धा बसला नाही. सिद्धेश तांब्या घेऊन पाणी वाढत होता. त्याने तांब्या खाली ठेवला, प्राजक्ताला, म्हणजे आमच्या सुनेला, हाक मारली, आणि ती दोघे दुपारच्या बसने वास्कोला गेली. त्यानंतर तो या घरात आलेला नाही. ८ जूनच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते: "ज्याने मरणाऱ्या बहिणीची साथ सोडली तो माझ्या मिळकतीला पात्र नाही."

खरी हकीकत वर लिहिली आहे. त्या दिवशी तिची साथ एकट्या सिद्धेशने केली. तिच्या शेवटच्या वेळी तो जवळ नव्हता तो माझ्यामुळे.

कलम ६. सन २०२३ मध्ये सेजल आणि गौरेश वही मागायला आले. त्यांना तिची नक्कल करून खेळ चालू ठेवायचा होता. वही घराबाहेर द्यायला माझा जीव होईना, म्हणून मी म्हणालो की इथेच बसून खेळा. तेव्हापासून ती दोघे रविवारी येतात आणि मीही माझा लढवय्या घेऊन बसतो. गोष्ट सेजल वाचून सांगते. गौरवीने वहीच्या शेवटी त्या पंधरा तारखेसाठी लिहून ठेवलेला भाग मात्र उघडायला कोणी तयार नव्हते. बाकीचे सगळे खेळून संपले तेव्हा, यंदा ९ मार्चला, आम्ही तो उघडला.

नदीकाठचे एक गाव आहे. एका घरात आजारी मुलगी आहे. सेजलने विचारले, आत कोण जाणार? का कोण जाणे, मी लढवय्या बाजूला ठेवला आणि सिद्धेशची, वैद्याची सोंगटी उचलली. सेजल वाचू लागली आणि थांबली. मी म्हणालो, वाच. गौरवीने प्रत्येक पेशासाठी निराळी गोष्ट लिहिली होती. त्यांतल्या दोन तिच्याच शब्दांत इथे उतरवतो:

"लढवय्या आत गेला तर: बाबा कोणाशी लढायचे ते शोधतील. इथे लढायला कोणी नाही. त्यांना उंबऱ्यावर बसवावे. पाणी द्यावे. ओरडले तरी रागावू नये, ते घाबरलेले आहेत.

वैद्य आत गेला तर: मुलगी दादाला सांगेल की आता औषध नको. दादा ऐकेल. मग ती त्याला नदीपलीकडच्या वाटेची खूण सांगेल. ही खूण फक्त वैद्याला कळते. इथे फासा टाकायचा नाही."

गौरेश उठून विहिरीकडे गेला. मी सोंगटी हातात धरून बसलो. सेजलने आतून पाणी आणून माझ्यापुढे ठेवले.

कलम ७. त्याच आठवड्यात मी वही आणि सोंगटी पिशवीत घालून वास्कोला गेलो. सिद्धेश बंदरात कामाला आहे, तो ड्युटीवरून येईपर्यंत प्राजक्ताने मला बसवून घेतले, जेवू घातले. सिद्धेश आला. मी माफी मागण्याचे शब्द बसमध्ये जुळवले होते, पण ते आले नाहीत. मी वही उघडून पुढे केली. त्याने ते पान वाचले आणि गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला आणि म्हणाला, "माझो तुमच्यार राग नाय, बाबा. पण तुमका बघलंय काय माका ती गाडी दिसता."

मी सोंगटी दिली ती त्याने घेतली नाही. तुमच्याकडेच असू दे, म्हणाला. मात्र मला स्टँडवर पोचवायला आला आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. त्यानंतर दर पंधरवड्याला तो फोन करतो. औषध घेतले का ते विचारतो. धारगळला येत नाही, आणि ये म्हणण्याचा मला हक्क नाही.

म्हणून लिहून ठेवतो. वैद्याची सोंगटी आणि मूळ वही माझ्या पश्चात सिद्धेशला द्यावी. सेजलने वहीची नक्कल करून घेतली आहे. बाकीच्या सोंगट्या आणि फासे तिने व गौरेशने न्यावेत. कोणी नवीन खेळाडू आला तर त्याला लढवय्या घ्यायला हरकत नाही. फक्त एखाद्या वर्षी त्याला पेशा बदलायला लावावा, आणि त्याने नाही म्हटले तर पुन्हा सांगावे.

कलम ८. पेडण्याच्या बँकेतील ठेवीतून माझे दिवसकार्य साधेपणाने करावे आणि उरेल ते प्राजक्ताला द्यावे. बाराव्याला कोणाला भाषण करू देऊ नये.

कलम ९. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, मेल्यावर लागू होणाऱ्या कागदात मरणाआधीची व्यवस्था लिहिता येत नाही, असे वकिलाने सांगितले. वेगळ्या कागदावरही लिहून दिले आहे, तरी इथेही राहू द्यावे. माझ्या छातीत जे निघाले आहे ते डॉक्टरांनी मागच्या महिन्यात मला सांगितले. सिद्धेशला अजून माहीत नाही. या रविवारी त्याचा फोन आला की सांगेन. पुढे मी बोलू शकेन तोवर मला काय हवे ते मलाच विचारावे. बोलता आले नाही तर सिद्धेशला विचारावे. अनंतने, शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनी, कोणीही त्याच्याशी वाद घालू नये. घरी ठेवा म्हणाला तर घरी ठेवावे. कुठे न्या म्हणाला तर न्यावे. तो आला नाही, तर फोनवर विचारावे आणि तो बोलेपर्यंत थांबावे. गौरवीच्या वेळी त्याचे ऐकायला हवे होते, ते मी ऐकले नाही. माझ्या वेळी त्याचे ऐकावे.

मुक्काम धारगळ, तालुका पेडणे, गोवा.
दिनांक १८ ऑगस्ट २०२५

सही: सगुण विष्णू च्यारी

साक्षीदार:
१. अनंत रामा च्यारी, धारगळ. (पटाशीचा मजकूर मला मान्य आहे.)
२. पार्वती दत्तप्रसाद शेट्ये, निवृत्त अंगणवाडी सेविका, धारगळ.

वरील मजकूर सगुण च्यारी यांनी आम्हा दोघांना स्वतः वाचून दाखवला व आमच्यासमोर सही केली. कलम ५ मधील घाटाचा भाग आणि कलम ९ त्यांना वाचता आले नाही. ते मी वाचले, आणि ते ऐकून त्यांनी बरोबर आहे म्हणून मान हलवली.
पार्वती शेट्ये