तंबूच्या चार बाजू

सोमवार, ९ जानेवारी १९७८
दुरुस्ती. काल मी लिहिले की परवीनबरोबर इंग्रजी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. हे बरोबर नाही. मध्यांतरानंतर मी बाहेर जिन्यावर बसले होते. शेवट मला परवीनने सांगितला. कालची नोंद खोडलेली नाही. आबा फौजेत सुभेदार होते. चौथीपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवले. पहिला धडा हाच, की चुकलेली नोंद खोडायची नाही, खाली खरी लिहायची.

सिनेमा असा: गावात सर्कस येते. दर खेळाला एक प्रेक्षक नाहीसा होतो, आणि गावात कुणाला तो आठवतही नाही. परवीनने वाचायला दिलेल्या तीन रहस्यकथांतही सर्कस असलीच. एकीत जोकर तोंडाचा रंग पुसतो, तर खाली तोंडच नसते.

मी घाबरले नव्हते. जिन्यावर हवा चांगली होती.

संध्याकाळी ६. इथे सांगलीत, विश्रामबागेत, माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, मोठा तंबू उभा राहतो आहे. सर्कस. खरी.

मंगळवार, १० जानेवारी
परवीन ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर आवक-जावक बघते. कामाशिवाय माझ्याशी बोलणारी ती एकटीच. (सध्या. मला येऊन आठच महिने झालेत.) आज म्हणाली, "छबू, रविवारी तीनचा खेळ. तू अन् मी. मे महिन्यात माझं लग्न, मग मी जतला. माणसं चांगली हायत, पण सुनेला सर्कशीला कोण सोडतंय?"

मी हो म्हटले. म्हणजे तिची जबाबदारी माझ्यावर आली. आबांचा दुसरा धडा: अनोळखी जागेत शिरण्याआधी चारी बाजूंनी पाहणी. रोज एक बाजू. शनिवारी संध्याकाळी मी पूर्ण तयार.

बुधवार, ११ जानेवारी
पूर्व बाजू. तिकिटाची खिडकी, दोन उंट. उंट माझ्याकडे बराच वेळ बघत होते. का?

गुरुवार, १२ जानेवारी
गेले नाही. उंटांचा विचार करत होते.

शुक्रवार, १३ जानेवारी
दक्षिण बाजू. तारेच्या कुंपणामागे एक ठेंगू माणूस घमेल्यात लाल केसांचा टोप धूत होता. रंग नव्हता. खाली तोंड होते. साधे, देवीचे वण असलेले.

मला म्हणाला, "ताई, परवा बी हिकडंच हुता न्हवं? आवं, कुंपणाभोवती फिरून वाघ दिसत न्हाई. आत या."

नाव कृष्णात, गाव आटपाडी. मी नमस्कार करून निघाले. इतक्या गोड बोलण्याचा अर्थ मला कळतो. रहस्यकथेत असेच बोलावतात, आणि ज्याच्या घरी वाट बघणारे कुणी नसते त्यालाच बोलावतात. माझ्या घरी शालूबाई आहेत. घरमालकीण आहेत, पण आहेत.

शनिवार, १४ जानेवारी, संक्रांत
दोन बाजू राहिल्या. उद्या जाणे बेजबाबदारपणाचे ठरेल. परवीनला पोट दुखते म्हणून कळवावे, पण ते खोटे. म्हणून शालूबाईंनी दिलेले तिळगुळाचे अकरा लाडू खाल्ले.

रात्री ९. पोट उत्तम आहे.

रविवार, १५ जानेवारी
परवीन अडीचला आली. मी खरे तेच सांगितले, पाहणी अपुरी आहे. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, सर्कस हाय, दरोडा न्हाई घालायचा!" मग खाटेवर बसली. बाकीच्या मुली चालल्या होत्या, त्यांच्याबरोबर गेली नाही. "पुढच्या रविवारी शेवटचा दिवस हाय. तुझ्यासाठी थांबते. पण तवा येणार न्हवं?"

येणार. लेखी देते: येणार.

आम्ही चहा केला. ती साडेपाचपर्यंत बसली. हा दिवस चांगला गेला, ही नोंद पाहणीशी संबंधित नाही.

बुधवार, १८ जानेवारी
पश्चिम बाजू, लांबून. सर्कशीतल्या दोन मुली दोरीवर परकर वाळत घालत भांडत होत्या. संशयास्पद काही नाही. तेच संशयास्पद.

शालूबाई काल शेजारणींबरोबर खेळ बघून आल्या. विचारले, आत नेमके काय आहे? म्हणाल्या, "काय असायचंय? वाघ म्हातारा हाय. जांभई दिली त्यानं, मला बी जांभई आली. लय झ्याक!" तुम्ही सगळ्याजणी परत आलात ना? "न्हाई, मी थितंच ऱ्हायले," म्हणाल्या, आणि ताट आपटून आत गेल्या.

शुक्रवार, २० जानेवारी
कृष्णातने कुंपणावरून दोन पास दिले. "ताई, मालकानं दिल्यात. मैत्रिणीला घिऊन या. अन् हसा जरा. तुमचं त्वांड बघून उंट बी जेवंना."

फुकट पास. रहस्यकथा क्रमांक दोनमध्ये थेट हेच होते. पण मी लेखी दिले आहे. उत्तर बाजू उद्या, परवा खेळ. ठरले.

शनिवार, २१ जानेवारी
डोके धुतले. वाळायला वेळ लागला. उत्तर बाजू राहिली.

रविवार, २२ जानेवारी, संध्याकाळी ७
सविस्तर आणि खरे लिहिते.

दुपारी २.४०ला परवीन आणि मी दारात. तिने नवी हिरवी साडी नेसली होती. पास तिच्या हातात दिले. मी म्हटले, एकच बाजू राहिली आहे, पाच मिनिटांत येते. ती म्हणाली, "छबू, नको गं." मी गेले.

उत्तरेला ओढा आहे. पलीकडून वळसा घालावा लागतो. परत आले तेव्हा बँड सुरू झाला होता आणि दारात परवीन नव्हती. दारावरचा माणूस म्हणाला, "मैत्रिणीनं तुमच्या नावाचा पास ठिवलाय, जावा की आत." मी म्हटले, जरा थांबते.

अडीच तास थांबले. कनातीला टेकून सगळे ऐकले. परवीनचे हसणे हजार माणसांत ओळखू येते, हे मला माहीत नव्हते. पहिल्या अर्ध्या तासात ती हसली नाही.

खेळ सुटल्यावर माणसे मोजायचा प्रयत्न केला, जमले नाही. परवीन बाहेर आली. धडधाकट. म्हणजे माझी पाहणी उपयोगी पडली, असे मी तिला सांगितले.

ती म्हणाली, "शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठिवून बसले हुते. दोन बायका भांडल्या माझ्याशी. मी म्हटलं, येतीया, येतीया ती." मग म्हणाली, "जाऊ दे." घरापर्यंत दोघी चालत आलो. माझ्या दारात ती थांबली नाही.

नोंद: मी घाबरले नव्हते.

सोमवार, २३ जानेवारी
दुरुस्ती. घाबरले होते. तंबूला नाही. तो काय, कापड आहे. आत शिरल्यावर परवीनला माझ्याबरोबर मजा आली नसती तर, याला.

परवीन आज डबा खायला बाकीच्या मुलींच्या टेबलावर बसली. तिथे जागा होती. मी बघितली, चारी बाजूंनी.

परतताना मैदानावर खुंट्या उपटत होते. कृष्णात म्हणाला, "आता दोन वर्सांनी, संक्रांतीच्या सुमाराला." मग विचारले, "दिसला का वाघ?" मी म्हटले, पुढच्या खेपेला.

हे बरेच झाले. हाताशी दोन वर्षे आहेत, घाई नाही. जतहून सांगलीला थेट एसटी आहे. परवीनला रीतसर पत्र घालून बोलवीन, आधी दारातून आत जाईन, पाहणी मागाहून. कॅलेंडर नाही, म्हणून बोटांवर मोजून वार काढला आणि दोनदा तपासला. रविवार, १३ जानेवारी १९८०, दुपारी तीनचा खेळ.