वाकायचं नाही

१३ नोव्हें., गुरु.
ह्यांना घरी आणलं. नाकातून मेंदूखालची गाठ काढली, बाहेर टाका दिसत नाही. टाके मांडीला. तिथली चरबी काढून आत बूच बसवलंय, मेंदूभोवतीचं पाणी नाकात उतरू नये म्हणून. डॉक्टर मॅडमनी मला बसवून सांगितलं: बूच धरेपर्यंत वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही, ओझं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. अंगणवाडीत बायांना नियम शिकवणारी मी, मला काय कठीण! येताना सेलूत कमोडची खुर्ची घेतली. चपलाही मीच घालून देते. हे चिडले, मी का लहान लेकरू आहो? मी म्हटलं, हो.

१५ नोव्हें., शनि.
मारुतीला जाऊन आलो. ऑपरेशन चालू असताना बाहेर बसून नवस बोलले होते, ह्यांना सुखरूप आण, तुझ्या पायरीवर डोकं टेकवायला आणते. आज शनिवार, म्हटलं फेडून टाकू. पायरीपाशी हे थांबले.
"मॅडमनं वाकू नको सांगतलं ना?"
"देवापुढं वाकल्यानं काय होते? टेकवा न् उठा."
टेकवलं. उठताना चेहरा लाल झाला होता, पण घरी येऊन वांग्याची भाजी दोनदा घेतली. मी खूश.

१६, रवि.
चहा पिताना उजव्या नाकपुडीतून थेंब बशीत पडला. स्वच्छ, पाण्यासारखा. हे म्हणाले सर्दी. मीही म्हटलं सर्दीच, थंडी पडलीये. दुपारी पुन्हा. घशात खारट लागतं म्हणाले. असं झालं तर असाल तसे निघून या, हे मॅडमनी मलाच सांगितलं होतं. तरी फोन केला नाही. कसं झालं विचारतील, मग काय सांगू? नवऱ्यापेक्षा मला माझी अब्रू...

१७, सोम.
उशी ओली. डोकं ठणकतंय. गाडी करून दवाखान्यात. थेंब बाटलीत धरून तपासले, मेंदूचंच पाणी. जिथून पाणी खाली येतं तिथून जंतू वर जातात, कालच यायला हवं होतं, मॅडम म्हणाल्या. मग विचारलं, वाकले होते का, काही उचललं?
मी तोंड उघडणार तोच हे बोलले. "मळ्यात पाण्याची बादली उचलली मॅडम. बायको नाई म्हणत होती."
माझ्याकडे पाहिलंही नाही. मॅडम ह्यांना खूप रागावल्या. मी शेजारी उभी.

१८, मंगळ.
कमरेत बारीक नळी घातली. पाणी तिकडून पिशवीत गेलं की वर दाब राहत नाही, बूच धरायला वाव मिळतो. तोवर आडवं पडून राहायचं. सासूबाई डबा घेऊन आल्या, त्यांना खरं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"मारुती का पळून जाऊन राह्यला होता? बरा झाल्यावर टेकवलं असतं. नाई तं तुयं डोकं टेकवाचं होतं, नवस तूच बोलली होती ना?"
एवढं साधं. सुचलं नाही. नियम पाळायची हौस माझी आणि मोडायची घाईही माझीच.

२०, गुरु.
विचारलं ह्यांना, खोटं काऊन बोलले?
"तुले बोलल्या असत्या त्या. तू रडली असती. मले पडल्या पडल्या पाहावं लागलं असतं."
तरी रडलेच. पाठमोरी होऊन, डबे विसळत.

२१, शुक्र.
नळी बंद केलीय, ताप नाही. उद्या सकाळी ह्यांना बसवून पुढे वाकायला लावणार, डोकं पार गुडघ्यांकडे. थेंब आला नाही तर नळी काढतील. आला तर परत ऑपरेशन. नाकाखाली वाटी तुम्ही धरा, मॅडम मला म्हणाल्या. म्हणजे पुन्हा शनिवार, पुन्हा हे वाकणार, पुन्हा मीच समोर.

सासूबाई म्हणाल्या मारुतीला हात जोड. जोडले. मागितलं काहीच नाही.

ह्यांना सांगितलं, उद्या मॅडमना खरं सांगणार आहे, बादली नव्हतीच म्हणून. म्हणाले, "आधी वाकू तं दे. तू वाटी नीट धरजो."

स्टीलची वाटी घासून, पुसून ठेवलीय. अगदी कोरडी पाहिजे. परत पुसली.